ओलं वजन

वजन करायची हौस फुईला कधीच नव्हती, ती माझी. पोरीच्या हातात तराजू दिला की तिला जगाचं भान राहत नाही, असं फुई गल्लीभर सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी नंदुरबारला फार्मसी कॉलेजात शिकवते आणि शिकवता शिकवता पीएचडीचं काम करते. त्या कामात रोज सकाळी सगळ्यात आधी काय करायचं, तर उंदरांची वजनं. पांढरे उंदीर, ओळखू यावेत म्हणून शेपटीवर मार्करच्या रेघा काढलेले. एकेकाला उचलून डब्यात ठेवायचं, आकडा थरथरायचा थांबला की वहीत लिहायचा. सहा गट, प्रत्येक गटात सहा उंदीर. दहा वाजता वर्गात जायचे तेव्हा माझ्या ओढणीला उंदरांच्या भुशाचा वास असायचा आणि मुली पहिला बाक सोडून बसायच्या.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी तीन वर्षांची असताना आई गेली. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. फुई ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी परत आली होती, तिनं मला वाढवलं. वडीलही गेले, मग घरात आम्ही दोघीच उरलो. तीस वर्षं ती मिरचीच्या पथारीवर जात होती. नंदुरबारच्या बाहेर पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या रानात मिरची वाळत पसरलेली असते, तीच पथारी. ओली लाल मिरची ट्रॅक्टरनं येते, उन्हात पसरतात, उलथतात, देठ खुडतात, पोत्यात भरतात. दसऱ्यापासून होळीपर्यंत फुईच्या हाताला, पदराला, उशीला मिरचीचा वास. लहानपणी तिनं गालावरून हात फिरवला की गाल चुरचुरायचा, आणि मी रडले की ती हसायची.

तिचा मान त्या पथारीवर वेगळाच होता. मिरची किती वाळली ते फुईला विचारायचं. ती मूठभर मिरच्या उचलायची, एक कानाशी धरून हलवायची. आत बी वाजलं की वाळली. नाही वाजलं तर ती मिरची परत उन्हात. पथारीचा मालक शेट मारवाडी, तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, आमच्यासारखीच अहिराणी बोलणारं. त्याच्याकडे पोती मोजायला मोठा काटा होता आणि काट्यावर भरोसाही होता, पण माल उचलायच्या आधी तो फुईकडे बघायचा. ओल्या मिरचीचं वजन हे मिरचीचं नसतं, पाण्याचं असतं, हे त्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. उन्हात टाकली की पाऊण वजन उडून जातं.

माझं संशोधन हृदयाच्या नुकसानीवर होतं. दोन वाटांनी नुकसान करायचं आणि एका झाडाची साल ते अडवते का, ते बघायचं. काही उंदरांना असं औषध टोचायचं की हृदय बेफाम धावतं, त्याला लागेल तेवढं रक्त मिळत नाही, आणि स्नायूचा तुकडा मरतो. माणसाला झटका येतो त्याची ही नक्कल. बाकीच्यांना कर्करोगावरचं एक जुनं, नावाजलेलं औषध द्यायचं. ते गाठीला मारतं, आणि काही जणांत गाठीबरोबर हृदयालाही पोखरतं, हळूहळू, गाजावाजा न करता. साल अर्जुनाची. ती मी धडगावहून आणायचे. जीपमध्ये कोंबून घेऊन घाट चढायचा, एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी बाबाकडे जायचं, तो एका झाडाची एकाच बाजूची साल काढून द्यायचा. चारी बाजूंनी काढायला सांगितली तर नाही म्हणून मान हलवायचा. मला त्याची भाषा यायची नाही आणि त्याला माझी. पण तसं केलं तर झाड उभ्या उभ्या वाळतं, हे त्यानं हातानं दाखवलेलं मला कळलं होतं.

पहिल्या तुकडीच्या वेळी मी एक चूक केली होती. ती इथंच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन आदळतं. कर्करोगाचं औषध दिलेल्या गटातले उंदीर आधी खंगले, मग शेवटच्या आठवड्यात त्यांची वजनं वाढायला लागली. मी खूश. वहीत लिहिलं, प्रकृती सुधारते आहे. माझे मार्गदर्शक सर वही बघायला आले आणि त्या गटातला एक उंदीर उचलून त्यांनी माझ्या तळहातावर उताणा ठेवला. पोट टम्म, पाणी भरलेल्या पिशवीसारखं. हृदय पंप करेनासं झालं की अंगात पाणी साठतं. सर म्हणाले, बाई, हे वजन उंदराचं नाही, पाण्याचं आहे, वजा कर. मला भर प्रयोगशाळेत रडू आलं होतं. त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात एक जास्तीचा रकाना आला, पाणी वजा करून वजन. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलं. परीक्षेत विचारलं. एका मुलानं चुकवलं तेव्हा त्याला वर्गात उभं केलं.

फुईच्या छातीतली गाठ तिनं किती महिने लपवली, देव जाणे. आंघोळीनंतर केस पुसताना तिचा हात वर जाईना, तेव्हा मला कळलं. सुरतला नेलं. आमच्याकडच्या माणसाला मोठं दुखणं आलं की गाडी पश्चिमेकडेच धरतो. तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. आधी औषधाच्या फेऱ्या, दर एकवीस दिवसांनी एक, मग ऑपरेशन. आधी हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको केली, हृदय ठीक होतं. नर्सनं सलाईनच्या खांबाला बाटली लावली आणि मी ती ओळखली. लाल औषध. मी ते शेकडो वेळा सिरिंजमध्ये ओढलं होतं. फुई त्या लाल नळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मिरचीनं पानी शे का हाई?"

नर्सला अहिराणी कळली नाही. मी हसले. बाटलीवरचं नाव मात्र मी परत एकदा वाचलं.

मी डॉक्टरांना माझ्या कामाबद्दल सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं, आता लाज वाटते. ते म्हणाले, मग तुम्हाला वेगळं काय सांगायचं, तुम्ही नजर ठेवालच. उंदरांना प्रयोगात मुद्दाम जास्त मात्रा देतात, माणसाला मोजून देतात, बहुतेकांचं हृदय तगतं, हेही त्यांनी सांगितलं. तीन फेऱ्या झाल्या की इको परत करायचा, दम लागला, पाय सुजले तर त्याआधीच कळवायचं. कागदावर लिहूनही दिलं. तो कागद मी माझ्या वहीत ठेवला.

पहिल्या दोन फेऱ्यांत फुईचं पार चिपाड झालं. केस गेले. भाकरीचा वास नको, वरणाचा नको. सेहेचाळीस किलोची बाई बेचाळीसवर आली. घरात वजनकाटा नव्हता, म्हणून मी तिला दर रविवारी पथारीवर न्यायचे. तिला तेवढंच बरं वाटायचं, बायका भेटायच्या. शेट पोत्यांचा काटा रिकामा करून घ्यायचा, फुई चपला काढून वर उभी राहायची, शेट आकडा बोलायचा, मी वहीत लिहायचे. तीच वही. पुढच्या पानांवर उंदीर, मागच्या पानांवर फुई. वजन उतरलं की शेट हळू आवाजात बोलायचा. बायका देठ खुडायच्या थांबायच्या.

तिसऱ्या फेरीनंतर एका रविवारी काटा वर गेला. अर्धा किलो. पुढच्या रविवारी आणखी पाऊण. शेटनं मोठ्यानं आकडा सांगितला, बायकांनी एकमेकींना हाका मारून सांगितलं, कुणीतरी गुळाचा खडा आणून फुईच्या तोंडात घातला. मला काय झालं होतं ते सांगते. गेले तीन महिने मी रोज सकाळी उठून आधी फुईचा श्वास चालू आहे का ते बघत होते. रस्त्यानं चालताना कारण नसताना रडू यायचं. आणि त्या दिवशी एक आकडा माझ्या बाजूनं बोलला. मी तो वहीत लिहिला. खाली मी दोन रेघा ओढल्या, लाल पेननं. फुई माझ्याकडे बघत होती. काट्यावरून उतरताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला, पूर्वी घ्यायची नाही. ते मला दिसलं आणि मी त्याचा अर्थ लावला नाही.

तिला खोकला येत होता. आडवी झाली की जास्त. दोन उशा घ्यायला लागली होती. मी विचारलं तर म्हणाली, "मिरचीना ठसका शे, दुसरं काय?" तीस वर्षं पथारीवर घालवलेल्या बाईला ठसका असतोच, मलाही ते पटलं. त्या घरात मी लहानाची मोठी झाले ती तो खोकला ऐकतच.

याच सुमारास इको करायचा होता. सुरतहून फोन आला, दवाखान्यातल्या मुलीनं विचारलं, इको नंदुरबारला करून घेतला का, पेशंट कसं आहे. माझी दुसरी तुकडी तेव्हा शेवटच्या टप्प्यात होती, एक दिवस चुकला तर सगळा प्रयोग मातीत. मी म्हणाले, छान आहे, वजन सव्वा किलो वाढलंय. पलीकडची मुलगीही खूश झाली. तरीपण इको करून घ्या, असं तिनं दोनदा म्हटलं. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात करते, आता तब्येत चांगली आहे. हे वाक्य माझं. कुणी माझ्या तोंडात घातलेलं नाही.

तो पुढचा आठवडा आलाच नाही. फुईची चौथी फेरी नंदुरबारलाच एका दवाखान्यात झाली, सुरतच्या कागदावरून. तिथल्या डॉक्टरनं इकोचं विचारलं, मी झाला म्हणाले. एका दिवसासाठी खोटं बोलले, दुसऱ्या दिवशी खरं करून टाकू या हिशेबानं. दुसऱ्या दिवशी उंदीर होते.

दुसऱ्या तुकडीचा शेवट मंगळवारी होता. औषध दिलेल्या गटातला चौथा उंदीर मी हातात घेतला. सकाळी त्याचं वजन वाढलेलं लिहिलं होतं. पोटाला चीर दिली आणि पिवळसर पाणी ट्रेमध्ये वाहिलं, ते मी मोजनळीत धरलं, आकडा बघितला, वहीतल्या रकान्यात लिहिला. पाणी वजा करून वजन. तेव्हा वारा असेल, पंखा असेल, वहीची पानं उलटली आणि मागचं पान वर आलं. बेचाळीस. साडेबेचाळीस. सव्वात्रेचाळीस, खाली दोन लाल रेघा. चव्वेचाळीस. खाली दोन लाल रेघा. त्या पानावर तो रकाना नव्हता.

हातमोजे तसेच घालून मी जिना उतरले. घरी आले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. फुई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, शेजारणीशी बोलत. मी तिच्यापुढे बसले, लुगडं घोट्यावरून वर केलं आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला. खळगा तसाच राहिला. मी वाट बघत होते. शेजारीण उठून गेली. खळगा बराच वेळ भरला नाही.

त्याच दिवशी इको झाला. पडद्यावर फुईचं हृदय दिसत होतं, मोठं झालेलं, ओलं फडकं वाऱ्यावर हलावं तसं हलत होतं. हृदय किती रक्त पुढे ढकलतं त्याचा आकडा डॉक्टरनं सांगितला, तो पहिल्या इकोतल्या आकड्याच्या निम्मासुद्धा नव्हता. सुरतच्या डॉक्टरांनी लाल औषध थांबवलं. ते फोनवर मला रागावले नाहीत. नुसतं विचारलं, तिसऱ्या फेरीनंतर झाला होता ना इको, आणि मी नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. गाठ अर्धवट राहिली, हृदय अर्धवट राहिलं, ऑपरेशनला भूल द्यायला कुणी तयार होईना.

पाणी काढायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि फुईचं वजन भराभर उतरलं. चव्वेचाळीसची एकोणचाळीस झाली. आता उलटंच झालं. मला बरं वाटायचं आणि गल्ली हळहळायची. बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, बाईनं किती हाय खाल्ली, मागच्या महिन्यात कशी भरली होती. मी त्यांना पाण्याचं समजावून सांगायचे. त्या माना डोलवायच्या आणि जाताना फुईला सांगायच्या, डॉक्टर बदल.

फुईनं एकदा सालीचं विचारलं. मी धडगावहून आणलेली पोतडी माळ्यावर होती, ती तिला रोज दिसायची. आधी ती माझ्या उंदरांवरून मला बोलायची, मुक्या जिवांचं पाप लागेल म्हणायची. त्या दिवशी मात्र सरळ म्हणाली, "तुन्हा उंदीरस्ले देस ते माले बी दे ना."

मी सांगितलं, "फुई, त्यास्ले पहिलेच देयेल व्हतं."

"मंग माले पहिले काब्र नही दिन्हं?"

याचं उत्तर मोठं होतं. उंदीर म्हणजे माणूस नाही, डॉक्टरांनी इतर गोळ्यांबरोबर काही द्यायला मनाई केली होती, हे सगळं खरं. पण माझ्या सहा गटांत एकही गट असा नव्हता की आधी हृदय बिघडू दिलं आणि मग साल दिली. तसा गट कुणी घेत नाही. तसे आकडे चांगले येत नाहीत, आणि आकडे चांगले आले नाहीत तर प्रबंध होत नाही. आम्ही सगळे उंदरांना आठवडाभर आधीपासून साल पाजतो, मग हृदय बिघडवतो, मग मारतो, आणि लिहितो, साल वाचवते. घरात जिचं हृदय बिघडून गेलंय तिच्यासाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. चार वर्षांच्या कामात तिच्या उपयोगाची एक ओळ नव्हती. मी तिला म्हणाले, बघू, डॉक्टरांना विचारते. तिनं परत विचारलं नाही.

पावसाळा तिनं खुर्चीत बसून काढला, रात्रीसुद्धा. आडवं व्हायची सोय राहिली नव्हती. प्रबंध मी त्याच दिवसांत पुरा केला, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तक्ते सगळे बरोबर होते, ग्रॅमपर्यंत बरोबर. सरांनी पाण्याच्या रकान्याचं खास कौतुक केलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

दसऱ्यानंतर नवी मिरची आली. फुईनं पथारीवर न्यायला सांगितलं. चालणं नव्हतंच, रिक्षा थेट मिरचीच्या कडेपर्यंत नेली. रान लालभडक झालं होतं. शेटनं घरातून खुर्ची आणून ठेवली. बायका गोळा झाल्या. फुईचे पाय चपलेत मावत नव्हते, गोळ्यांना ते आता जुमानत नव्हते. तिनं वाकून एक मिरची उचलली, कानाशी धरून हलवली आणि परत टाकली. मग म्हणाली, काट्यावर चढव.

शेटनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणून मान हलवली. मी आणि एका बाईनं दोन्ही बाजूंनी धरून तिला काट्यावर उभं केलं आणि हात सोडले. आकडा फिरला आणि थांबला. सत्तेचाळीस. दुखणं सुरू होण्याआधीसुद्धा ती एवढी नव्हती. शेट आकडा बोलला नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि पोत्यांकडे बघत उभा राहिला. मग मीच म्हणाले, तोच जुना आनंदाचा आवाज काढून म्हणाले, फुई, वाढलं गं, चांगलं वाढलं.

तिला परत खुर्चीत बसवलं. श्वास जागेवर आला, मग म्हणाली, "हाई वलं वजन शे. माले ठाऊक शे."

मला वाटलं, आज मिरची बघून तिच्या ध्यानात आलं. मी विचारलं, केव्हापासून ठाऊक आहे.

"पहिलेपासून. गूळ खादा ना, तव्हयपासून."

तीस वर्षं हातात धरून ओलं-सुकं सांगणारी बाई. तिला स्वतःच्या अंगातलं पाणी कळलं नसेल, असं मी धरून चालले होते. मग सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"तू लिखी ऱ्हायनी व्हती," ती म्हणाली. "कितला दिवसमा तुन्हा तोंडवर हासू दखं मी."

आजूबाजूला बायका देठ खुडत होत्या. कुणाला तरी ठसका लागला. फुईनं माझ्या पिशवीकडे बोट केलं आणि म्हणाली, "काढ वही. आते बी लिख."

मी वही काढली, मागचं पान उघडलं, तारीख घातली आणि सत्तेचाळीस लिहिलं. फुई माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मी हसले.